‘थांब’ म्हणजे पाय थांब की सायकल थांब?

पत्र: गेली ९ वर्षं मी एकटीच सायकल चालवते. चार महिन्यांपूर्वी एक जुनी टँडम, म्हणजे दोघांनी पुढेमागे बसून चालवायची सायकल, मिळाली. नवऱ्याला मागे बसवून दोनदा बाहेर पडले आणि दोन्ही वेळा आम्ही भांडूनच घरी आलो. त्याचं वजन ८० किलो, माझं ६२. त्याला सायकलची फारशी सवय नाही. तो म्हणतो, ‘तू काही सांगतच नाहीस.’ मी म्हणते, ‘तू ऐकत नाहीस.’ आता आणखी दोघं तयार आहेत. एक माझी मैत्रीण: ५४ किलो, चपळ, पण तिचे पाय माझ्यापेक्षा खूप भरभर फिरतात. दुसरे आमच्या सायकल गटातले अनुभवी गृहस्थ. ते माझ्याहून ताकदवान आहेत, पण म्हणतात, ‘मी पुढेच बसणार, मागे बसणं मला जमणार नाही.’ पुढे कोणी बसावं, दोघांची ताकद किती सारखी लागते आणि जोडी जमेल की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर: दोन भांडणांवरून पतींना बाद करू नका. ‘तू सांगत नाहीस’ आणि ‘तू ऐकत नाहीस’ ही दोन वाक्यं नव्या टँडमजोड्यांमध्ये हमखास ऐकू येतात. त्यांचं मूळ माणसांच्या स्वभावात कमी आणि सायकलच्या रचनेत जास्त असतं.

टँडमवर दोघांचे क्रँक, म्हणजे पेडल ज्यांवर बसवलेले असतात ते दांडे, डाव्या बाजूच्या एका चेननं एकमेकांना बांधलेले असतात. एकानं न सांगता पाय थांबवले की दुसऱ्याच्या गुडघ्यांना झटका बसतो. एकानं अचानक जोर लावला की दुसऱ्याचं पाऊल पेडलवरून निसटतं. त्यात मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. त्याच्या हातात सहसा ब्रेक नसतो आणि त्याचं हँडल वळत नाही. खड्डा, उतार, वळण, सगळं त्याला घडून गेल्यावर कळतं. डबलसीट बसलेल्या माणसाचीही हीच अवस्था असते, पण त्याचे पाय तरी मोकळे असतात. नऊ वर्षं एकट्यानं सायकल चालवलेल्या कुणालाही ब्रेक दाबण्याआधी बोलायची सवय नसते. त्यामुळे पतींची तक्रार खरी आहे असं धरून चला आणि बोलण्यापासून सुरुवात करा.

पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. स्टोकर म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. या नावामुळे मागच्याचं काम फक्त जोर लावण्याचं आहे असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. मागच्याची स्थिर बैठक हा टँडमच्या तोलाचा निम्मा भाग आहे. मागून येणाऱ्या गाडीवर लक्ष ठेवणं, वळताना हात दाखवणं, रस्ता सांगणं हेही तोच करू शकतो, कारण त्याचे हात मोकळे असतात.

पुढे कोण बसणार याचा निर्णय ताकदीवर करू नका. ज्याला सायकल सावकाश चालवताना, वळवताना आणि थांबवताना विचार करावा लागत नाही त्यानं पुढे बसायचं. तुमच्या आणि पतींच्या जोडीत ते तुम्हीच. मात्र दोन गोष्टी आधी तपासा.

पहिली, सायकलचं माप. बऱ्याच टँडमची पुढची चौकट मोठी आणि मागची लहान असते, कारण पुढे उंच माणूस बसेल असं धरलेलं असतं. पुढची दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन, पाय चांगले फाकवून उभ्या राहा. या अवस्थेतही दांडी आणि शरीर यांच्यात तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. एकट्याच्या सायकलपेक्षा ही जागा जास्त लागते, कारण थांबलेल्या टँडमवर कॅप्टनचे पाय रुंद ठेवावेच लागतात. जागा राहत नसेल तर प्रश्न तिथेच मिटला: या सायकलवर तुम्ही मागे.

दुसरी, वजन. थांबताना मागचा माणूस सीटवरच बसून राहतो आणि सगळा तोल कॅप्टन सांभाळतो. ८० किलोचा स्टोकर आणि साधारण १८ किलोची सायकल ६२ किलोच्या माणसाला पेलता येते, पण सायकल सरळ उभी असेल तोवरच. १०-१५ अंश कलली की ती हातानं सावरणं अवघड होतं. सुरुवातीचे काही दिवस पतींनीही थांबताना त्याच बाजूचा पाय टेकवावा. बाजू आधी ठरवून घ्या. शिवाय मागचा माणूस जितका जड, तितकं त्याच्या प्रत्येक हालचालीनं पुढचं हँडल ओढलं जातं. खांद्यावरून वाकून पुढे डोकावणं, बाटलीसाठी झटकन वाकणं, वळणावर उलट बाजूला झुकणं, या तीन सवयी त्यांनी सोडल्या की निम्मी डगमग तिथेच थांबेल. वळताना मागच्यानं सायकलबरोबर कलायचं असतं, पोत्यासारखं नाही, पण स्वतःच्या मतानंही नाही.

आता निघण्याची पद्धत. तुमची दोन्ही भांडणं पहिल्या शंभर मीटरमध्येच सुरू झाली असावीत असा आमचा कयास आहे, कारण बहुतेक जोड्या इथेच अडखळतात.

कॅप्टननं आधी चढायचं. नेहमीसारखी मागून टांग टाकायची नाही, मागे माणूस असताना ती सवय त्याच्या तोंडावर बसेल. सायकल थोडी आपल्याकडे कलवा आणि पुढच्या दांडीवरून पाय पलीकडे न्या. पाय रुंद रोवा आणि दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरा. आता स्टोकर चढेल, सीटवर बसेल आणि दोन्ही पावलं पेडलवर ठेवेल. स्टोकर चढताना सायकल हलता कामा नये. तो विश्वास पहिल्या पाच सेकंदांत बसतो किंवा तुटतो. मग स्टोकरनं ‘फिरवतोय’ असं सांगून पेडल उलटे फिरवायचे आणि कॅप्टनला हवा तो पेडल पुढे आणि थोडा वर आणून ठेवायचा. न सांगता फिरवले तर पेडल थेट कॅप्टनच्या नडगीवर आदळतो. पाय रुंद ठेवायचे ते याचसाठी. कॅप्टन एक पाऊल पेडलवर ठेवून विचारेल, ‘तयार?’ मागून ‘तयार’ असं शब्दांत उत्तर यायला हवं. मान हलवून उपयोग नाही, पुढच्याला ती दिसत नाही. ‘एक, दोन, चल’. ‘चल’ला ब्रेक सुटतो आणि दोघंही एकाच वेळी जोर देतात. कॅप्टन त्या पेडलवर उभा राहून सीटवर येतो. त्याचं दुसरं पाऊल लगेच पेडलवर नाही पडलं तरी स्टोकरनं फिरवणं चालू ठेवायचं. वेग आला की तोल आपोआप येतो. वेग येण्याआधी पाय थांबवले की सायकल झोकांड्या खाते. गिअर मधला, थोडा हलक्याकडे झुकणारा ठेवा. अगदी हलक्या गिअरमध्ये पाय गरगर फिरतात पण सायकल पुढे जात नाही आणि जड गिअरमध्ये पहिली फेरीच पूर्ण होत नाही.

उतरण्याचा क्रम उलटा. आधी स्टोकर उतरतो, तोही कॅप्टननं ‘उतर’ म्हटल्यावर. तोवर ब्रेक दाबलेलेच.

आता शब्दांकडे, कारण तुमच्या भांडणाची किल्ली बहुधा इथे आहे. मराठीत ‘थांब’ या एका शब्दाचे टँडमवर दोन अर्थ होतात: पाय थांबव आणि सायकल थांबवायची आहे. एकाला पहिला अर्थ अभिप्रेत असतो, दुसरा दुसऱ्या अर्थानं पाय टेकायच्या तयारीला लागतो आणि तोल जातो. म्हणून ‘थांब’ हा शब्द टँडमवरून पूर्ण काढून टाका. पाय थांबवायचे असतील तर ‘पाय’, पुन्हा फिरवायला ‘चल’. थांबायचं असेल तर ‘उभी करते’, आणि हे ब्रेक दाबण्याआधी. खड्डा किंवा गतिरोधक आला तर ‘दणका’. स्टोकरची सीट मागच्या चाकाच्या जवळ असते आणि त्याला खड्डा कॅप्टनपेक्षा जोरात लागतो. ‘दणका’ ऐकला की त्यानं पेडलवर वजन घेऊन सीटवरून अंग किंचित उचलायचं. गिअर बदलायचा असेल तर ‘हलके’. दोघांचा जोर एकाच चेनवर असताना गिअर बदलला तर चेन उतरू शकते, कधी तुटतेही. ‘हलके’ म्हणजे फिरवत राहायचं पण जोर काढून घ्यायचा, अर्धी-पाऊण फेरी पुरते. आणि उभं राहून पेडल मारायचं असेल तर ‘उभं’.

‘हं’, ‘हो का’, ‘जरा’ हे शब्द वाऱ्यात विरतात, त्यांवर विसंबू नका. स्टोकरनंही बोलायचं: ‘पाणी’, ‘सरकतोय’, ‘मागे गाडी’. शब्द कोणते हा प्रश्न दुय्यम आहे. दोघांनी निघण्याआधी ते मोठ्यानं म्हणून ठरवले आहेत का, हा खरा प्रश्न आहे. पॅरालिम्पिकच्या टँडम शर्यतींत मागे दृष्टिहीन किंवा अगदी कमी दिसणारा सायकलपटू असतो आणि पुढे डोळस पायलट. मागच्याला रस्ता दिसत नसतानाही ती जोडी पूर्ण वेगात वळणं घेते. शब्द आणि सायकलमधून जाणवणारी हालचाल इतकं करू शकते.

जोडीदाराच्या ताकदीबद्दल तुम्ही काळजी केली आहे, ती बरीचशी सोडून द्या. टँडमचा मोठा गुण हाच की जोरकस आणि हलका असे दोघंही एकाच वेळी पोचतात. एकजण २०० वॅट देत असेल आणि दुसरा १००, तरी कुणी मागे पडत नाही. सपाटीवर तर फायदाच होतो, कारण जोर दोघांचा असतो आणि वाऱ्याचा विरोध एका माणसापेक्षा थोडाच जास्त. चढावर मात्र हा फायदा उरत नाही. तिथे दोघांचं मिळून वजन आणि दोघांचा मिळून जोर एवढाच हिशेब असतो. त्यात उभं राहून एका लयीत चढणं नव्या जोडीला जमत नाही, त्यामुळे चढाची गती एकट्यापेक्षा कमीच असेल. हे आधीच माहीत असलं तर चढावर एकमेकांवर संशय येत नाही. ‘तू मागे पाय मारतोयस ना?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. पुढे बसून मागच्याचा जोर नेमका ओळखता येत नाही आणि हा प्रश्न एकदा विचारला की मागचा माणूस सहलीतून मनानं उतरतो.

ताकदीपेक्षा पायांची लय जास्त महत्त्वाची, आणि मैत्रिणीच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे. आधी मोजून घ्या. दोघी आपापल्या सायकलवर, सपाट रस्त्यावर, नेहमीच्या वेगात. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजा आणि दुप्पट करा. फरक १० फेऱ्यांच्या आत असेल तर चार-पाच सहलींत दोघी मध्यावर येता, काही करावं लागत नाही. तुम्ही ७५ आणि ती ९५ असा २० चा फरक असेल तर तो सवयीनं पूर्ण मिटणार नाही. सावकाश फिरवणारीला पाय पळवावे लागतात आणि सीटवर उसळायला होतं. भरभर फिरवणारीला चिखलातून चालल्यासारखं वाटतं आणि तिचे गुडघे दुखतात.

इथे क्रँकची लांबी मदत करते. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर मिनिटाला ८० फेऱ्या आणि १६० मिलिमीटरच्या क्रँकवर ८५ फेऱ्या, या दोन्हींत पावलाचा वेग अगदी सारखा असतो. म्हणजे सावकाश फिरवणाऱ्या व्यक्तीला आखूड क्रँक दिला तर ती जास्त फेऱ्या सहज मारू शकते. तुमच्या जोडीत आखूड क्रँक तुम्हाला लागेल, मैत्रिणीला नाही. दहा मिलिमीटर आखूड क्रँक लावला की सीटही तितकीच वर घ्यावी लागते, हे विसरू नका, नाहीतर गुडघा जास्त वाकून राहतो. आधी खर्च करू नका. गिअरची निवड मैत्रिणीच्या शब्दावर सोडून दोन सहली करून पाहा. बऱ्याचदा लयीचा त्रास वाटतो तो खरं तर कॅप्टन गिअर उशिरा बदलत असल्याचा त्रास असतो.

दोघांचे पेडल एकाच स्थितीत ठेवायचे की पाव फेरीनं पुढेमागे, यावर मतभेद आहेत. शिकणाऱ्या जोडीनं ते एकाच स्थितीत ठेवावेत असं आमचं ठाम मत आहे. निघणं सोपं जातं, ‘उभं’ म्हटल्यावर दोघं एकदम उठू शकतात आणि वळणावर दोन्ही पेडल एकाच वेळी आडवे करता येतात. पुढेमागे असतील तर एकाचे आडवे असताना दुसऱ्याचा एक पेडल खाली जमिनीजवळ असतो.

सायकल जुनी असल्यामुळे डाव्या बाजूची ती चेन तपासा. दोन दातेरी चक्रांच्या बरोबर मध्ये बोटानं वरखाली दाबली तर एक ते दीड सेंटिमीटर हलायला हवी. क्रँक पूर्ण फिरवत जिथे सर्वांत घट्ट वाटेल तिथे हे मोजा. ढिली असेल तर ती खडबडीत रस्त्यावर उतरते. नेहमीच्या रचनेत तेव्हा पुढच्याचे पेडल अचानक रिकामे फिरतात आणि उभं राहून पेडल मारत असाल तर तुम्ही दांडीवर आपटाल. बहुतेक टँडममध्ये पुढच्या क्रँकचा एक्सल एका फिरणाऱ्या नळकांड्यात एका बाजूला बसवलेला असतो. ते नळकांडं फिरवून चेन ताणतात. त्यानं सीटपासून पेडलचं अंतर काही मिलिमीटरनं बदलतं, म्हणून ताणल्यावर सीट पुन्हा मोजा. चेन परत चढवताना एक दाता जरी चुकला तरी दोघांचे पेडल जुळत नाहीत.

चाकं आणि ब्रेक यांवर इथे थोडक्यात. दोघं आणि सायकल मिळून १३५ ते १६० किलो होतात. मागचं चाक ३६ किंवा ४० आऱ्यांचं असावं, एकही आरा ढिला नको, चाक आऊट असेल तर निघण्याआधी सरळ करून घ्या. टायर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्या. लांब उतारावर रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि टायर फुटू शकतो. म्हणून लवकर दाबा, जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. लांब उतार असेल तर मध्ये थांबा. रिमवर पाण्याचा थेंब टाकून तो चर्र झाला तर दहा मिनिटं सायकलवर चढू नका. रिमला किंवा डिस्कला बोट लावून बघू नका. टँडमवर मागच्या चाकावर भरपूर वजन असतं, म्हणून मागचा ब्रेक एकट्याच्या सायकलपेक्षा खूप जास्त काम करतो. नुसत्या पुढच्यावर भिस्त ठेवू नका.

आता तिसऱ्या गृहस्थांबद्दल. त्यांच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून सांगतो, मागे बसायला नकार देणाऱ्या कॅप्टनबरोबर निघू नका. प्रत्येक कॅप्टननं निदान १५ मिनिटं मागे बसलंच पाहिजे. न सांगितलेला ब्रेक कसा लागतो, न सांगितलेला खड्डा कसा लागतो हे दुसऱ्या कुठल्याही मार्गानं शिकता येत नाही. त्यांना रिकाम्या मैदानावर मागे बसून पाहण्याची विनंती करा. तयार झाले तर विचार करा. ‘जमणार नाही’ असंच म्हणत राहिले तर नम्रपणे नाही म्हणा. ताबा सोडायचा नाही असं ज्यानं आधीच ठरवलं आहे, त्याच्या मागे तुम्हाला ना ब्रेक असेल ना माहिती.

उरलेल्या दोघांना एकाच फुटपट्टीनं पारखा. पहिल्यांदा रिकामं मैदान, ४० मिनिटं, किमान २० वेळा निघणं आणि थांबणं, मग दोन्ही बाजूंनी मोठी वर्तुळं. टँडमच्या दोन चाकांमधलं अंतर पावणेदोन मीटरच्या आसपास असतं. मागचं चाक वळणाच्या आतून जातं, त्यामुळे वळण रुंद घ्यावं लागतं. याच मैदानात, सायकल तुमच्या हाती नीट बसली की जागा बदलून तुम्हीही मागे बसा. पती पुढे असतील तर फक्त सरळ रेषेत आणि अगदी सावकाश. दुसऱ्यांदा १०-१५ किलोमीटर, कमी रहदारीचा सपाट रस्ता. तिसऱ्यांदा ३०-४० किलोमीटर, एखाद्या चढासह. टँडमवर माणूस नकळत सीटला चिकटून राहतो आणि मांड्या, हात बधिर होतात. दर १०-१५ मिनिटांनी ‘उभं’ म्हणून दोघं एकदम उठा.

प्रत्येक वेळी परतल्यावर तीनच गोष्टी विचारा. किती वेळा पाय झटक्यानं थांबले? किती खड्डे न सांगता लागले? आणि चूक झाल्यावर पुढच्यानं लगेच ‘माझं चुकलं’ म्हटलं का? पहिले दोन आकडे तिसऱ्या सहलीपर्यंत निम्मे झाले तर जोडी जमते आहे. आकडे तेच राहिले आणि दोघांना एकमेकांची कारणं ऐकवावीशी वाटत असतील तर जमत नाही. त्यात वाईट काही नाही. स्टोकर घाबरला असेल तर त्याची चूक शोधू नका. त्याच्याकडे ना ब्रेक होता, ना रस्त्याचं दृश्य, त्यामुळे ती जबाबदारी पुढच्याचीच.

आमचा अंदाज असा की लांब सहलींसाठी मैत्रीण उत्तम स्टोकर ठरेल. ती हलकी आहे, सायकलची तिला सवय आहे आणि लयीचा प्रश्न सोडवता येण्याजोगा आहे. पतींबरोबर १५-२० किलोमीटरच्या सपाट फेऱ्या, सामान न घेता, वर सांगितलेल्या पद्धतीनं पुन्हा सुरू करा. एका टँडमला दोन स्टोकर असायला काहीच हरकत नाही. फक्त दोघांची मापं वेगळी ठेवा. मागच्या सीटच्या नळीवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा, एक मैत्रिणीच्या उंचीची, एक पतींच्या. स्टोकरचं हँडल तुमच्या सीटच्या नळीवर बसवलेलं असतं. तुमची सीट वरखाली केली की ते सोबत सरकतं, म्हणून तुमच्या उंचीची खूणही करून ठेवा. हँडलला पुढेमागे होणारा स्टेम (हँडल धरून ठेवणारा जोड) असेल तर त्याचंही माप लिहा. आपापली सीट दोघांनी नळीसकट आणली तर आणखी बरं. पेडल एका बाजूनं सपाट आणि एका बाजूनं बूट अडकवण्याचे घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी ते बदलावे लागणार नाहीत. ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की (षट्कोनी पाना) सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या. बहुतेक सीटच्या नळ्यांना ती लागते, तुमच्या सायकलला कुठली लागते ते निघण्याआधी एकदा लावून पाहा.